'मी आलो' म्हणणारी आजी आणि काचेवरचा थर

ताई, करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. दोन एकर ऊस आहे, तीन म्हशी आहेत. गुऱ्हाळ होतं, ते चार वर्षांमागं बंद केलं. थोरली मुलगी मराठीत एम.ए. झाली, यंदा प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झाली, पण फेलोशिपला थोडे गुण कमी पडले. धाकटा एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोघांनाही पीएच.डी. करायची आहे. मुलाचा विषय काचेवर पातळ थर देऊन विषारी वायू ओळखायचा, असा काहीतरी आहे. मला तो सगळा कळत नाही, पण कामाचा वाटतो. मुलीचा विषय ऐकून मात्र मी गप्पच झालो. आमची आई 'मी आलो', 'मी जेवलो' असं पुरुषासारखं बोलते. आमच्याकडच्या बऱ्याच बायका बोलतात. मुलगी म्हणते, मी यावर संशोधन करणार. मेव्हणे म्हणाले, 'पोराचं संशोधन खरं. पोरीचं म्हणजे वेळ काढणं. पैसे पोरावर लावा आणि तिचं उरकून टाका.' स्थळ आलंय, चांगलं आहे. मुलगी आठ दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. साडेतीन-चार लाख बाजूला आहेत, दोघांना पुरायचे नाहीत. खरं संशोधन कुणाचं? आणि मी काय करू?
(नाव छापू नये अशी विनंती.)

दादा,

आधी तुमच्या आईंबद्दल बोलते, मग मुलांबद्दल.

मी कागलची. माझी आईसुद्धा 'मी जेवलो', 'मी बाजारला जातो' असंच म्हणायची. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका तसं बोलायच्या, त्यामुळं त्यात काही वेगळं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पुढं मी रसायनशास्त्र शिकले, पुस्तकातली भाषा तोंडात बसली आणि मी 'आले' म्हणायला लागले. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. प्रॅक्टिकलला उशिरा आलेली एक मुलगी दारात उभी राहून म्हणाली, 'मॅडम, मी आलो, आत येऊ?' मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'आलो नाही, आले म्हण.' वर्ग हसला. ती आत आली, ब्युरेट भरली, टायट्रेशन अगदी बरोबर केलं, आणि वर्षभर माझ्या तासाला पुन्हा तोंड उघडलं नाही. तिचं काही चुकलेलं नव्हतं. ती तिच्या आईच्या बोलीच्या नियमानं बोलत होती आणि तो नियम मला माहीत नव्हता. हे कळायला मला वीस वर्षं लागली. ते समजावलं भाषाशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं, कॅन्टीनमध्ये चहा पिताना. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मला राहवलं नाही.

मुलीचा प्रश्न नेमका काय आहे ते बघा. प्रमाण मराठीत स्वतःबद्दल बोलताना क्रियापदावरून कळतं की बोलणारा पुरुष आहे की बाई: मी आलो, मी आले. तुमच्या आई हा भेद करत नाहीत. पण शेजारणीबद्दल बोलताना त्या 'ती आली' म्हणतात आणि तुमच्याबद्दल बोलताना 'तो आला'. इथं त्यांची गल्लत होत नाही. म्हणजे भेद त्यांना पक्का माहीत आहे, फक्त 'मी'पाशी तो गळतो. आता कन्नडकडं बघा. 'नानु बंदे', म्हणजे मी आलो किंवा आले, हे बाईही म्हणते आणि पुरुषही. तिथं 'मी'च्या क्रियापदाला लिंग नाहीच. पण 'तो आला' म्हणजे 'बंदनु' आणि 'ती आली' म्हणजे 'बंदळु'. साचा हुबेहूब तुमच्या आईंच्या बोलण्याचा.

मग हे कन्नडच्या शेजारानं आलं का? वाटतं खरं. हा शेजार जुनाही आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांतले, शिलालेख या भागात सापडतात. त्यांत संस्कृत आहे तसं कन्नडही आहे. वा. वि. मिराशींनी ते एकत्र संपादित केलेत, म्हणून आपल्याला ते आज सहज वाचता येतात. पण वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. गडहिंग्लज, शिरोळकडं कन्नड अगदी भिंतीला भिंत लावून आहे, तिथं बायका असं जास्त बोलतात का? शाहूवाडीकडं, कोकणाच्या अंगाला सरकलं की ते कमी होतं का? सत्तरीची बाई आणि विशीची मुलगी यांत किती फरक पडलाय? शिकलेली मुलगी माहेरी आली की पुन्हा 'आलो'वर येते का? आणि कन्नडचा वाराही न लागलेल्या गावात हे ऐकू आलं, तर मग काय? मग पहिलं उत्तर पडलं आणि दुसरं कारण शोधायला लागणार.

त्यासाठी ती काय करील तेही सांगते, कारण मेव्हण्यांना वाटतं तशी ती घरी बसून पुस्तकं चाळणार नाही. गावं निवडावी लागतील. प्रत्येक गावात वेगवेगळ्या वयाच्या, शिकलेल्या-न शिकलेल्या बायका निवडाव्या लागतील. त्यांची परवानगी घेऊन तासाभराच्या गप्पा रेकॉर्ड कराव्या लागतील. 'तुम्ही आलो म्हणता की आले?' असं थेट विचारून चालत नाही. विचारलं की बाई सावध होते आणि मास्तरांसमोर उभी असल्यासारखी बोलायला लागते. तिला रमवावं लागतं. लग्नाची गोष्ट काढली, पहिल्या म्हशीची काढली, की ती आपल्या भाषेत येते. मग ते सगळं ऐकून शब्दन् शब्द उतरवायचं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज जातात. मग मोजायचं: 'आलो' किती वेळा, 'आले' किती वेळा, समोर कोण होतं. आणि शेवटी त्या आकड्यांना संख्याशास्त्राची कसोटी लावायची. तुमचा धाकटा त्याच्या मोजमापांना जी लावतो, तिचीच ही बहीण.

आता धाकट्याकडं येऊ. हे माझ्या जवळचं काम आहे. पातळ थरांच्या संशोधनासाठी आपलं शिवाजी विद्यापीठ देशभर ओळखलं जातं, आणि ती ओळख महागड्या यंत्रांच्या जोरावर मिळालेली नाही. स्वस्तातल्या रासायनिक पद्धतींतून ती उभी राहिली. एक पद्धत सांगते, म्हणजे पोरगं दिवसभर काय करतं ते डोळ्यांसमोर येईल. काचेची पट्टी धुऊन, पुसून तापलेल्या तव्यासारख्या प्लेटवर ठेवतात. साधारण ४०० अंश तापमान. त्यावर झिंक ॲसिटेटसारख्या क्षाराचं द्रावण बारीक फवाऱ्यानं मारतात, औषध फवारणीच्या पंपातनं उडतं तसं, फक्त कितीतरी बारीक. थेंब काचेपर्यंत पोचता पोचता पाणी उडून जातं, क्षार फुटतो आणि काचेवर झिंक ऑक्साइडचा थर बसतो. जाडी काहीशे नॅनोमीटर. आपला केस त्याच्या शंभरपट जाड भरेल. हा थर तापवून ठेवला आणि त्यावरनं विशिष्ट वायू गेला, की वायूचे रेणू पृष्ठभागाला चिकटतात आणि थरातून वीज जाण्याचा अडथळा बदलतो. तो बदल मोजला की वायू ओळखला.

लिहायला सोपं आहे. करताना काल आलेला थर आज येत नाही. कधी तडे जातात, कधी सोलपटतो. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावाच इतका असतो की सेन्सर वायू सांगतोय की पाऊस, हेच आधी सोडवावं लागतं. तुमचा मुलगा संध्याकाळी चिडचिडा होऊन घरी येत असेल तर कारण हे आहे, त्याला रागावू नका.

आणि दादा, एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'मुलाचं कामाचं वाटतं' असं तुम्ही लिहिलंय, पण त्याच्या प्रबंधातून उद्या बाजारात यंत्र येईल अशी आशा धरून पैसे लावू नका. बहुतेक प्रबंधांतून यंत्र निघत नाही. अमुक तापमानाला, अमुक जाडीचा थर अमुक वायूला असा वागतो, एवढंच निघतं. ते पुढच्या दहा जणांना वापरता येतं. मुलीच्या प्रबंधातूनही असंच काहीतरी निघेल. कदाचित त्यावरून एखाद्या शिक्षिकेला कळेल की वर्गात 'मी आलो' म्हणणारी पोरगी अशुद्ध बोलत नाही. मला ते वेळेवर कळलं असतं तर एक मुलगी वर्षभर गप्प बसली नसती. हा उपयोग सेन्सरपेक्षा कमी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

खरं-खोटं संशोधन असतं, पण ते आर्ट्स आणि सायन्स अशा विभागणीत सापडत नाही. मी दोन्हीकडचे प्रबंध पाहिलेत. अमक्या लेखकाच्या कादंबऱ्यांची कथानकं एकापुढं एक सांगून 'एक अभ्यास' म्हणायचं, असे प्रबंध आहेत. आणि आधीच्या विद्यार्थ्यानं एक धातू वापरला होता म्हणून आपण दुसरा वापरायचा, बाकी सगळं तेच, असेही आहेत. मी पारखताना एकच बघते: प्रश्न असा आहे का, की त्याचं उत्तर आपल्या मनाविरुद्धही येऊ शकेल? तुमच्या मुलीच्या विषयातलं कन्नडचं अनुमान खोटं पडू शकतं. मुलाचा थर वायू ओळखायला नकार देऊ शकतो. दोघंही तो धोका पत्करून निघालेत. माझ्या लेखी दोघांचंही खरं.

आपल्या विद्यापीठाचंच बघा. १८ नोव्हेंबर १९६२ ला ते सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू होते आप्पासाहेब पवार, इतिहासाचे माणूस. महाराणी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित केली. ताराबाईंबद्दल आज कोल्हापुरात आपण अभिमानानं बोलतो, त्याला पुरावा लागतो आणि तो असा मोडी कागदांच्या ढिगातून निघतो. त्याच आवारात पुढं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा वाढल्या. तिथूनच मुलं दक्षिण कोरियापर्यंत पुढच्या संशोधनाला गेली. तिथंच वनस्पतिशास्त्रवाले सह्याद्रीतली कंदीलपुष्पं जगवतात. ही छोटी कंदिलासारखी फुलं, काही जाती इतक्या विरळ की डोंगराच्या एखाद्या कड्यावरच सापडतात. इतिहास, थर आणि कंदीलपुष्प एका माळावर राहतात आणि एकमेकांच्या जागेवर हक्क सांगत नाहीत. मग घरातच तशी वाटणी का करायची?

अंबाबाईच्या किरणोत्सवाला तुम्ही गेला असालच. मावळतीचा किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून आत शिरतो आणि देवीच्या चरणांपासून वर चढत जातो. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखा आणि जानेवारी अखेरची ३१, फेब्रुवारीच्या १, २. याच तारखा का? २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस धरून मागं-पुढं मोजा, दोन्हीकडं साधारण चाळीस ते त्रेचाळीस दिवस येतात. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या बिंदूवर मावळतो, परतताना पुन्हा त्याच बिंदूवर येतो. बरोबर पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला. हे खगोलाचं गणित झालं. पण किरण पोचत नाही त्या वर्षी काय झालं? वाटेतली इमारत आडवी आली, की धूर-धुकं, की ढग? ते प्रकाश मोजणाऱ्यानं सांगायचं. मंदिर वेगवेगळ्या काळांत कसं वाढलं, कुठला मंडप नंतरचा, हे स्थापत्याच्या आणि शिलालेखांच्या अभ्यासकानं. आणि महाद्वार रोडच्या घरमालकाला एक मजला कमी कर म्हणायचं तर कायदा आणि नगररचना बघणाऱ्यानं. यातला एकजण वगळा, प्रश्न अर्धाच राहतो.

पुराचं तर तुम्हाला मी काय सांगणार! पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे. पाणी कुठवर चढेल याचा नकाशा इंजिनिअर काढतो. पण २०१९ ला आणि २०२१ ला पाणी दारात आलं तरी कितीतरी माणसं घर सोडायला तयार नव्हती, ते का, हे त्या नकाशात नाही. गोठ्यात जनावरं होती. तुमच्यासारख्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण मदतीचा आराखडा करणाऱ्याला सांगावं लागतं. ते सांगण्याआधी कुणीतरी घरोघरी जाऊन लोकांशी बोलावं लागतं. तेही संशोधनच, समाजशास्त्राचं.

तुमचं गुऱ्हाळ बंद झालं त्याचं मला वाईट वाटलं. एक सांगू? तुमच्या दोन्ही मुलांचे विषय रस आटवायच्या त्या एका काहिलीत होते. रस उकळायला लागला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती काढायची, चुना बेतानं टाकायचा. मग चुलवाणाजवळ जळव्या चिपाडं सारत असतो आणि गुळव्या पाकाकडं नजर लावून बसतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळवतो आणि म्हणतो, 'उतरा.' थर्मामीटर लावला तर त्या वेळी ११८ अंशांच्या आसपास असतं. रसायनशास्त्र सांगतं की तिथं पाणी किती उरलंय, आम्लतेमुळं साखर किती फुटलीय, आणि रंग पिवळाधमक यावा म्हणून हायड्रॉस टाकलं तर नेमकं काय होतं. पण गुळव्या कुठल्या शब्दांत ते ओळखतो, 'पाक पिकला', 'पाक करपला' यांच्या मधल्या पायऱ्यांना तो काय म्हणतो, हे रसायनशास्त्राला येत नाही. गुऱ्हाळं बंद पडतात तसे ते शब्द आधी जातात आणि त्यांच्यामागून ते ज्ञान. तुमच्या मुलीला विचारा, हे कुणी नोंदवलंय का. आणि तुमचे जुने गुळव्या अजून असतील तर त्यांचं नाव तिला सांगा.

आपल्या कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर. त्यांच्या घरात वडील गणिताचे आणि आई संस्कृतची. ते स्वतः विश्वाच्या रचनेचं गणित मांडत राहिले आणि मराठीत विज्ञानकथाही लिहीत राहिले. तुमचं घर काही वेगळं नाही. एका छताखाली दोन विषय आहेत एवढंच. संध्याकाळी जेवताना दोघांना एकमेकांचा विषय समजावून सांगायला लावा. जो सांगू शकणार नाही, त्यानं अजून अभ्यास करायचा. 'आविष्कार' या आपल्या राज्यातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतही मानव्यविद्या आणि भाषांचा गट शुद्ध विज्ञानाच्या बरोबरीनं असतो. दोघांनी यंदा भाग घ्यावा, अनोळखी परीक्षकासमोर आपला प्रश्न मांडायची सवय होते.

आता पैशाचं, कारण मूळ अडचण तिथंच आहे.

मुलीनं नेट पास केलीय आणि जेआरएफ, म्हणजे ती फेलोशिप, हुकलीय. आताच्या नियमाप्रमाणं त्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो: नेटच्या गुणांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३० टक्के. पण जेआरएफ नसणाऱ्यांचे हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे 'आधी लग्न, मग बघू' म्हणून एक वर्ष गेलं, तर तिला पुन्हा परीक्षेला बसावं लागेल. हे मेव्हण्यांना ठाऊक नसावं. मुलाचं एम.एस्सी. अजून व्हायचंय, त्याला सीएसआयआर-नेट (विज्ञानवाल्यांची नेट) आणि गेट या परीक्षांचे प्रयत्न करायला वर्ष हाताशी आहे. म्हणून माझं सरळ मत: यंदा पैसे थोरलीला लागतात, कारण तिची वेळ आत्ता आहे. आणि सगळे लागत नाहीत. ती घरून एसटीनं ये-जा करू शकत असेल तर फी, प्रवास, गावोगावचं फिरणं, झेरॉक्स आणि पुस्तकं एवढंच. रेकॉर्डर लागत नाही, चांगला मोबाईल पुरतो. लाख-सव्वा लाखात पहिलं वर्ष बसवा आणि बाकीचे मुलासाठी राखून ठेवा. सायन्सवाल्याला नमुने तपासायचा खर्च येतो, एकेका चाचणीला पैसे मोजावे लागतात. तो गाईडच्या प्रकल्पातून भागेल का, हे त्यानं प्रवेशाआधी विचारून घ्यावं. लाजू नये.

दोघांपैकी कुणालाही जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० मिळतात, मग घरचा भार संपतो. मुलीनं वयाची अट बघून आणखी एक-दोन प्रयत्न जरूर करावेत. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी.साठीच्या फेलोशिप आहेत. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता त्यावर कुठली लागू ते ठरेल. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, तिथं जाऊन समोरासमोर विचारा. या बहुतेक पीएच.डी.ची नोंदणी झालेल्यांनाच मिळतात आणि जाहिरातीला कधीकधी उशीर होतो. म्हणून पहिलं वर्ष पदरमोड करायची तयारी ठेवा.

वेळ किती लागेल? कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि मुदतवाढ मिळाली तर आणखी दोन. तुम्ही आडसाली ऊस लावणारे, सोळा-अठरा महिने पीक रानात ठेवायची तुम्हाला सवय आहे. हे त्याच्याही पलीकडचं आहे. दरवर्षी 'झालं का?' असं विचारू नका. 'या वर्षी काय सापडलं?' असं विचारा.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. अनुदानित कॉलेजांतल्या जागा अडून अडून निघतात, आणि पीएच.डी. झालेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताना मी पाहिलीत, दोन्ही शाखांची. फिजिक्सवाल्याला परदेशी संशोधनाची आणि उद्योगाची एक वाट जास्त आहे, हे खरं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तरी त्यानं आपोआप नोकऱ्या येत नाहीत. पण बोलीचं रेकॉर्डिंग, लिप्यंतर, मोजणी हे काम येणारी माणसं कोशकार्याला, भाषांतराला आणि बोललेलं ऐकून लिहिणाऱ्या संगणक-प्रणालींना लागतात. मुलीनं प्रबंधासोबत थोडं संख्याशास्त्र आणि संगणक शिकून घ्यावं. हा सल्ला मी तिला आर्ट्सची म्हणून देत नाही. माझ्या रसायनाच्या मुलांनाही हेच सांगत आले.

गाईड निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी बघा. त्यांच्याकडं आत्ता किती विद्यार्थी आहेत (प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार अशी मर्यादा आहे) आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली. त्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारा. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. दोघांनी आपल्या विषयाजवळचे किमान दहा प्रबंध विषय पक्का करण्याआधी वाचावेत. मुलीला तिथं कुणी हाच प्रश्न आधी सोडवलेला दिसला, तर घाबरून विषय सोडू नये. कुठलं गाव, कुठलं वय राहून गेलंय ते बघावं.

स्थळाचं राहिलं. चांगलं आहे म्हणता, तर असेल. पण 'उरकून टाका' हा शब्द मला सलला. लग्न तिला हवंय का हे तिला विचारा, आणि हवं असेल तर समोरच्यांना पहिल्याच बैठकीत सांगा की ती पीएच.डी. करणार आहे, गावोगाव फिरणार आहे. नियमात बाईसाठी सोय आहे: दोन वर्षांची जादा मुदत आणि बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजा. लग्न आणि प्रबंध एकत्र होऊ शकतात, सासरच्यांची तयारी असेल तर. नसेल तर ते स्थळ तिच्यासाठी चांगलं नाही, बाकी कितीही चांगलं असो. मेव्हण्यांशी वाद घालू नका. नेटच्या गुणांची मुदत तेवढी त्यांना सांगा, बाकी निर्णय तुमचा आणि तिचा.

आणि ते आठ दिवसांचं न बोलणं. तुम्ही आपणहून तिच्याकडं जा आणि म्हणा, तुझी पहिली मुलाखत आपल्या घरातच घे, आजीची. दुपारी जेवणं झाल्यावर, भांडी आवरल्यावर तिला आजीजवळ बसू दे, मोबाईल चालू करून. 'आजी, तू या घरात पहिल्यांदा आलीस तो दिवस सांग', एवढंच विचारू दे. तुम्ही मात्र त्या वेळी रानात जा. पोरगा समोर बसला की आई सावरून बोलते, आणि मग रेकॉर्डिंग वाया जातं.